जुना सीलबंद सुपरमॅन घ्यावा की नवं किट बांधावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत वाढले, मग सुपरमॅन, बॅटमॅन, मग दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’. आता हाताशी थोडा पैसा आणि रविवारचा वेळ आहे. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे ऑरोरा कंपनीचं सुपरमॅनचं जुनं, न उघडलेलं किट (प्लास्टिकचे सुटे भाग जोडून मॉडेल बांधायचा संच) विक्रीला आहे, किंमत भरमसाट. ते घ्यावं का? घेतलं तर बांधावं की तसंच जपून ठेवावं? आजवर एकही किट बांधलेलं नसेल तर सुरुवात कुठून करावी? आणि शेवटी, वेताळाचं किट कधी निघालं होतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो. सुपरमॅनचं मात्र आधीच सांगून टाकतो: ते किट आत्ता घेऊ नका. आधी चार-पाच किट्स स्वतःच्या हातानं बांधा. बांधणारा वेगळा आणि जमवणारा वेगळा, असं पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही. ज्यानं कधी दोन अर्धे भाग जोडून सांधा घासला नाही, त्याला खोक्याच्या आत काय आहे आणि काय असायला हवं होतं, हे ओळखता येत नाही. मग तो पुठ्ठ्याचे पैसे मोजतो.

तुम्हाला जे किट खुणावतंय त्याची हकिगत आधी पाहू. ऑरोरा ही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची कंपनी. सुरुवातीला विमानं, जहाजं असा नेहमीचा माल काढायची. १९६१ मध्ये तिनं फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचं किट आणलं. ते मुलांनी अक्षरशः उचलून धरलं आणि मग ड्रॅक्युला, ममी वगैरे रांगच लागली. त्या खोक्यांवरची चित्रं जेम्स बामा या चित्रकाराची. पुष्कळ संग्राहक आजही आधी त्या चित्रांसाठी खोका घेतात, आतलं प्लास्टिक नंतर बघतात. राक्षसांच्या मागोमाग सुपरहिरो आले. १९६३ मध्ये सुपरमॅन, १९६४ मध्ये बॅटमॅन, १९६६ मध्ये स्पायडरमॅन, हल्क आणि कॅप्टन अमेरिका. या किटांची खरी गंमत अशी की ती नुसत्या पुतळ्यांची नव्हती, प्रत्येकात एक प्रसंग होता. सुपरमॅन विटांची भिंत फोडून बाहेर पडतोय, बॅटमॅन वठलेल्या झाडाशी आहे आणि फांदीवर घुबड बसलंय, स्पायडरमॅनच्या खाली जाळ्यात जखडलेला खलनायक क्रेव्हन पडलाय. कॉमिकमधली एक चौकट उचलून टेबलावर ठेवावी, असा तो सगळा विचार होता.

१९७४ मध्ये ऑरोरानं ‘कॉमिक सीन्स’ नावाची मालिका काढली. पात्रं बहुतेक जुनीच, पण खोका नवा आणि सूचनापत्रकाच्या जागी छोटंसं कॉमिक. १९७७ मध्ये कंपनी बंद पडली आणि तिचे बरेच साचे मोनोग्राम या दुसऱ्या अमेरिकन कंपनीकडे गेले. मोनोग्रामनं सुपरमॅन पुन्हा बाजारात आणला. पुढे १९९० च्या दशकात पोलर लाइट्स आणि नंतर मोबियस या कंपन्यांनी ऑरोराची अनेक जुनी किट्स पुन्हा काढली, काहींसाठी तर जुन्या किटांवरून नवे साचे पाडून.

म्हणजे तोच सुपरमॅन, तीच भिंत, पण खोके वेगवेगळ्या काळातले आणि किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. नवखा माणूस फसतो तो नेमका इथे. खोक्यावर किंवा प्लास्टिकवर कोरलेलं साल हे हक्कांचं साल असतं, छपाईचं किंवा उत्पादनाचं नव्हे. साचा १९६३ चा असेल तर त्यातून पंधरा वर्षांनी निघालेल्या भागावरही १९६३ च असू शकतं. विक्रेता ते साल दाखवतो, त्यात तो खोटंही बोलत नसतो, आणि घेणारा मात्र पहिल्या आवृत्तीचे पैसे देऊन मोकळा होतो. खरा काळ ठरवायचा तर खोक्याचा आकार, कंपनीचं बोधचिन्ह, खोक्याच्या बाजूच्या पट्टीवरचा मजकूर, किटचा क्रमांक आणि प्लास्टिकचा रंग हे सगळं एकत्र ताडून पाहावं लागतं.

सीलबंद असण्याचंही तेच. पारदर्शक वेष्टन गरम हवेनं आवळून नव्यानं घालता येतं, त्याचं यंत्र कुठल्याही पॅकिंगच्या दुकानात असतं. साठ वर्षं न उघडलेल्या खोक्यात सगळे भाग असतीलच, डीकल (भागांवर चिकटवायची छापील चिन्हं) पिवळी पडली नसतील, केपचा पातळ भाग वाकला नसेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. उघडून बघावं तर ‘सीलबंद’ची किंमत गेली. म्हणून मी स्वतः जुनी किट्स उघडलेली, पण भाग न तोडलेली घेतो. भाग फ्रेमला, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीत ते ओतलेले असतात तिला, चिकटलेलेच असतात, फोटोत मोजता येतात, आणि किंमत सीलबंदपेक्षा बरीच कमी असते.

आता सुरुवातीबद्दल. पहिलं किट बांदाई या जपानी कंपनीचं घ्या, यात मी जराही घुटमळणार नाही. बांदाईनं जुलै १९८० मध्ये ‘गंडम’ या जपानी मालिकेतल्या यंत्रमानवाचं १/१४४ प्रमाणातलं किट ३०० येनला काढलं आणि तिथून पुढे साचे बनवण्याच्या कलेत ते कुठल्या कुठे गेले. आजच्या त्यांच्या किटांना गोंद लागत नाही, भाग दाबून बसतात. रंग प्लास्टिकमध्येच असतो, एकाच फ्रेममध्ये तीन-चार रंगांचे भाग एकत्र ओतलेले असतात. ‘एंट्री ग्रेड’ गंडमला तर हत्यारही लागत नाही, भाग हातानंच सुटतात. पण तुमचा ओढा यानांकडे असेल तर ‘स्टार वॉर्स’च्या मालिकेतलं १/७२ एक्स-विंग हे लढाऊ यान घ्या. पंख मिटलेले-उघडलेले दोन्ही करता येतात, आणि खोक्यात स्टिकर व पाण्यात सोडायची डीकल असं दोन्ही असतं. पहिल्यांदा स्टिकर लावा, पुढच्या एक्स-विंगवर डीकल.

या पहिल्या किटवर एकच गोष्ट शिकायची, ती म्हणजे भाग कापणं. निपरनं (बारीक कात्रीवजा पकडीनं) भागाला टेकवून एका दणक्यात कापला की प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग उमटतो. गडद रंगाच्या भागावर तो डाग नजरेत खुपतो आणि रंगाशिवाय जात नाही. म्हणून दोनदा कापायचं. आधी फ्रेमच्या बाजूनं, लांबून, भाग मोकळा होण्यापुरतं. मग उरलेला खुंट निपरच्या सपाट बाजूनं, पण अर्धा मिलिमीटर ठेवून. तो अर्धा मिलिमीटर कटरच्या नव्या पात्यानं अलगद सोलायचा आणि मग ६००, १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचा. पातं बोथट झालं की बदला. बोथट पात्याला जोर लागतो, आणि जोर लावला की पातं सटकून बोटात जातं.

दुसरं किट मात्र गोंदाचं असू दे, आणि तेही माणसाच्या आकृतीचं. ऑरोराच्या जुन्या सुपरहिरोंपैकी एखाद्याची नवी आवृत्ती मिळाली तर उत्तम. स्वस्त असते, साचा जुन्याच धाटणीचा असतो, भाग नीट जुळत नाहीत, आणि म्हणूनच ती शिकवते. या जुन्या आकृत्या दोन अर्ध्या टरफलांनी बनलेल्या असतात. सांधा खांद्यावरून, मांडीवरून, केसांमधून जातो. विमानाच्या पोटावर सांधा राहिला तर खपून जातो, पण सुपरमॅनच्या दंडावरून रेघ गेली की तो माणूस राहत नाही.

सांध्याची युक्ती तपशिलात सांगतो, कारण पुस्तकी सूचना इथे फार लवकर पुढे सरकतात. पॉलिस्टायरीनचा, म्हणजे या किटांच्या प्लास्टिकचा, पातळ गोंद, टामिया या जपानी कंपनीच्या हिरव्या टोपणाच्या बाटलीतल्यासारखा, हा खरं तर गोंद नाहीच. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत वितळून एक होतात. आधी दोन्ही भाग कोरडे जुळवून पाहा. बसत नसतील तर आतल्या खुंट्या बिनदिक्कत कापून टाका, जुन्या किटांत त्याच अडवतात. मग दोन अर्धे केसभर अंतरावर धरा आणि ब्रशचं टोक फटीला टेकवा. गोंद आपोआप फटीत धावतो. काही सेकंद थांबून दोन्ही भाग जोरानं दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येईल. ती पुसायची नाही. पुसायचा मोह होतोच, पण पुसलीत की तिथे खळगा पडतो आणि मग लांबी (पुट्टी) भरत बसावी लागते. रबर बँडनं बांधून दोन दिवस ठेवून द्या. कड पूर्ण कडक झाली की पात्यानं खरवडा आणि ४००, ६००, १००० असा पाण्याखाली पेपर मारा. घाई करून त्याच संध्याकाळी घासलं तर आत मऊ असलेलं प्लास्टिक आठवडाभरात बसतं, आणि रंग दिल्यावर सांध्याची भुतासारखी रेघ पुन्हा वर येते. राखाडी प्रायमर मारला की जिथे चुकलंय तिथे ते लगेच दिसतं. प्रायमरचं मुख्य काम मी तेच समजतो, रंग धरणं हे दुसरं.

केप हा आणखी एक दुखरा भाग. साच्यातून निघालेल्या केपची कड दोन-अडीच मिलिमीटर जाड असते. १/८ प्रमाणात ही जाडी म्हणजे खऱ्या मापात दोन सेंटिमीटर, म्हणजे कापड नव्हे, पुठ्ठाच. आतल्या बाजूनं कडेकडेनं तिरकं खरवडत न्या, फक्त कड पातळ करा, मधला भाग जाड राहिला तरी कोणाला दिसत नाही. एवढ्या एका कामानं जुनं किट नव्यासारखं दिसायला लागतं.

रंग. सुपरहिरोंचे कपडे म्हणजे निळा, लाल, पिवळा, सगळे चढे. पिवळा आणि लाल हे दोन्ही रंग झाकण्याच्या बाबतीत कमकुवत आहेत. राखाडीवर पिवळा मारला की हिरवट, मळकट दिसतो. त्याच्याखाली आधी फिकट गुलाबी द्या, पिवळा उबदार आणि भरीव येतो. लालाखालीही गुलाबी चालतो. क्रम फिक्याकडून गडदाकडे. सावली देताना लालात काळा मिसळू नका, तो चॉकलेटी मरगळलेला होतो. किरमिजी किंवा जांभळट तपकिरी घ्या. उजळ बाजूला पांढरा मिसळला की गुलाबी होतं, म्हणून केशरी. निळ्याला मात्र पांढरा चालतो. उजेड वरून येतोय असं धरून चला: खांदे, छातीचा वरचा भाग, केपच्या घडीची पाठ उजळ, घडीचं पोट गडद.

डोळे शेवटी, आणि चेहरा शरीरावर बसवण्याआधी. शुद्ध पांढरा वापरू नका, डोळे वटारल्यासारखे दिसतात. किंचित पिवळट किंवा राखाडी छटेचा पांढरा घ्या. वरच्या पापणीला गडद तपकिरी रेघ द्या, काळी नको. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं आणि किंचित झाकलेलं असू दे. बुबुळ पूर्ण गोल रंगवलं की सुपरमॅन घाबरलेला दिसतो. दोन्ही डोळे समोर बघताहेत असं करण्यापेक्षा जरा एका बाजूला बघताहेत असं करणं सोपं जातं, चूक कमी दिसते. पाण्यावर चालणारा अ‍ॅक्रिलिक रंग आणि चांगला टोकदार केसांचा ब्रश हवा, बाकी कशानंही हे होत नाही.

आता यानं. इथे कौशल्य वेगळं आहे. आकृतीत तुम्ही माणूस उभा करता, यानात आकारमानाचा भास. ‘स्टार ट्रेक’चं एंटरप्राइज घ्या. पडद्यावरच्या माहितीप्रमाणे ते २८९ मीटर लांब. एएमटी कंपनीनं त्याचं पहिलं किट १९६६ मध्ये काढलं, साधारण दीड फूट लांबीचं. हे किट इतकं जवळचं होतं की १९६७ च्या एका भागात उद्ध्वस्त झालेलं कॉन्स्टेलेशन हे भावंड-यान दाखवायला निर्मात्यांनी हेच किट वापरलं आणि डीकलवरच्या एंटरप्राइजच्या १७०१ या क्रमांकातले आकडे इकडचे तिकडे करून १०१७ केलं. या जुन्या साच्याचा एक दोष प्रसिद्ध आहे: मागची दोन लांब इंजिनं काही वर्षांत खाली झुकतात किंवा आत कलतात, कारण त्यांचं सगळं वजन दोन बारीक खांबांच्या टोकावर येतं. बांधतानाच खांबांमधून पितळेची तार आरपार घालून पोटात इपॉक्सीनं घट्ट करा. नंतर हा दोष दुरुस्त होत नाही.

आता आकारमानाचं गणित. मोठं एंटरप्राइज किट १/३५० प्रमाणात मिळतं, सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास लांब. या प्रमाणात उभा माणूस जेमतेम पाच मिलिमीटरचा. पृष्ठभागावर कोरलेली अर्धा मिलिमीटर रुंद रेघ म्हणजे खऱ्या यानावर साडेसतरा सेंटिमीटरची भेग! गंडमवर शोभते म्हणून तीच काळी शाई इथल्या रेघांत भरली की तीनशे मीटरचं यान खेळण्यातलं होऊन जातं. १/१००० चं छोटं किट असेल तर तीच रेघ अर्ध्या मीटरची होते. त्यामुळे जेवढं प्रमाण लहान तेवढी रेघ फिकी, मूळ रंगापेक्षा एकच छटा गडद. रंगही थोडा फिकट करून घ्या, कारण लांबच्या मोठ्या वस्तूचे रंग हवेमुळे विटलेले दिसतात. मालिकेसाठी वापरलेलं अकरा फुटी मूळ मॉडेल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे, २०१६ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा मांडलं गेलं. त्याचे फोटो नीट पाहा. यानाच्या पुढच्या गोल तबकडीवरच्या जाळीच्या रेघा तिथे चक्क पेन्सिलीनं ओढलेल्या आहेत, कोरलेल्या नाहीत. म्हणून किटवर त्या रेघा कोरलेल्या आल्या तर पुष्कळ जण लांबी भरून त्या बुजवतात आणि वर पेन्सिल फिरवतात. मीही तसंच करतो.

‘स्टार वॉर्स’ची यानं याच्या बरोबर उलट आहेत. त्यांच्या मूळ मॉडेलांवरची सगळी बारीक यंत्रसामग्री रणगाडे, विमानं, गाड्या यांच्या बाजारी किटांमधले भाग चिकटवून केलेली होती. मळ, तेलाचे ओघळ, जळल्याच्या खुणा यांत सगळी मजा आहे. तुम्ही जे किट बांधाल त्याचे उरलेले भाग फेकू नका. एक डबा करा. दोन वर्षांनी त्याच डब्यातून तुमच्या स्वतःच्या कल्पनेतलं यान उभं राहील. जपानमध्ये कोव योकोयामा यांनी १९८२ पासून याच वाटेनं ‘माशिनेन क्रीगर’चं अख्खं विश्व रचलं, आणि पुढे त्या यंत्रांचीच किट्स निघाली.

दिवे घालायचे असतील तर प्रायमरच्या आधी ठरवा. भिंतींच्या आतून आधी काळा रंग, त्यावर चंदेरी किंवा पांढरा. काळा दिला नाही तर पातळ प्लास्टिक कंदिलासारखं सगळीकडून उजळतं. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक पांढरा एलईडी असेल तर ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. एलईडी साधारण तीन व्होल्ट घेतो, उरलेल्या सहासाठी हा हिशोब. पण त्यानं उजेड बराच प्रखर पडतो, लहान खिडक्यांसाठी मी ६८० किंवा एक हजार ओहम पसंत करतो. जोडण्या बंद करण्याआधी दिवे रात्रभर चालू ठेवून पाहा, कारण तबकडी चिकटवल्यावर आत हात जात नाही.

रंगाच्या थरांचा क्रम मोडू नका: प्रायमर, रंग, चकचकीत वार्निश, डीकल, पुन्हा चकचकीत, रेघांत रंग, शेवटी मॅट. खडबडीत मॅट रंगावर डीकल लावली की खाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसते. बांदाईच्या किटांवर एक सावधगिरी: रेघांत सोडायचा इनॅमल रंग आणि त्याचं थिनर ताणाखालच्या सांध्यांत शिरलं तर प्लास्टिकला चिरा जातात. दाबून बसणारे सांधे ताणाखालीच असतात. आधी वार्निश, मग थोडा थोडा रंग, आणि भाग सुटे असतानाच.

आपल्याकडे पावसाळा हाच मोठा शत्रू आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर लॅकर (थिनरमध्ये पातळ करून फवारायचा रंग) मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पांढरं धुकं उमटतं. मॅट वार्निश तर हमखास फसतं. त्या महिन्यांत मी कापणं, जोडणं, घासणं एवढंच करतो आणि फवारणी दिवाळीनंतर. ज्यांना थांबवत नाही त्यांनी लॅकरमध्ये सावकाश उडणारं रिटार्डर मिसळावं किंवा पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक वापरावेत. लॅकर आणि त्याचं थिनर ज्वलनशील, विमानानं पाठवायला बंधनं असतात, म्हणून ते देशातल्याच हॉबी दुकानांतून घ्या. बाहेरून किट मागवताना सीमाशुल्काचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२३ पासून ७० टक्के आहे आणि लहान प्रमाणातली मॉडेल्स त्याच गटात मोडतात.

जरा पुढे गेलात की व्हिनाइल (मऊ, पोकळ प्लास्टिक) आणि रेझिनची (साच्यात ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रवाची) किट्स दिसतील. १९८० च्या दशकात जपानमध्ये हौशी लोकांनी घरगुती साच्यांतून ती सुरू केली. पुढे अमेरिकेत होरायझन या कंपनीनं मार्व्हल आणि डीसीच्या नायकांची व्हिनाइल किट्स काढली, ती आजही जुन्या बाजारात वाजवी भावात सापडतात. व्हिनाइल गरम पाण्यात बुडवलं की मऊ होतं, तेव्हाच कापायचं आणि जुळवायचं. पॉलिस्टायरीनचा गोंद त्याला चालत नाही, झटपट गोंद लागतो. इनॅमल रंग थेट व्हिनाइलवर दिला तर वर्षानुवर्षं चिकट राहतो, म्हणून अ‍ॅक्रिलिक. पाय आतून प्लॅस्टरनं भरा, नाहीतर उन्हाळ्यात आकृती गुडघ्यात वाकते. रेझिन आधी साबणानं धुवायचं, सांध्यांत तार घालायची, आणि घासताना पाणी आणि मास्क दोन्ही हवेत. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, याबाबत तडजोड नाही.

रेझिनमध्ये नकलांचा सुळसुळाट आहे. कोणीतरी मूळ किट विकत घेतो, त्यावरून साचा काढतो आणि अर्ध्या किमतीत विकतो. ओळखायला सोपं आहे: रेझिन आकसतं, म्हणून नक्कल मूळ मापापेक्षा किंचित लहान असते, बारीक तपशील बुजलेले असतात, बोटांच्या टोकांशी बुडबुडे असतात. मी नकला घेत नाही. ज्यानं महिनोन्‌महिने बसून ती आकृती घडवली त्याच्या पोटावर तो पाय असतो, आणि त्यानं काम थांबवलं तर पुढचं किट येणारच नाही.

जपणुकीबद्दल. ऊन हा पहिला वैरी, खिडकीसमोरचं कपाट टाळा. गाड्यांच्या किटांत, बॅटमोबिल त्यातलीच एक, मऊ व्हिनाइलची चाकं असतील तर ती वेगळ्या पिशवीत ठेवा. त्या चाकांतलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि शेजारचं पॉलिस्टायरीन वितळवतं. जुन्या खोक्यात काचेच्या भागावर चाकाचा गोल भाजल्यासारखा ठसा दिसतो तो यामुळे. कसर आणि बुरशी खोक्याचा पुठ्ठा आणि सूचनापत्रक खाते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. आणि कृपा करून कपड्यांच्या कपाटासारख्या डांबरगोळ्या टाकू नका. नॅप्थलीनच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि चिकटतं. आपल्या घरांत ही सवय इतकी रुजलेली आहे की कोणी सांगितल्याशिवाय लक्षातच येत नाही.

आता वेताळ. अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीनं १९६५ मध्ये ‘फँटम’चं, म्हणजेच आपल्या वेताळाचं, किट काढलं होतं, सोबत मांत्रिकाची आकृती असलेलं. इंद्रजाल वाचत वाढलेल्या मराठी माणसानं एकच जुनं किट घ्यायचं ठरवलं, तर सुपरमॅनच्या आधी मी याचं नाव घेईन. सुपरमॅन पुन्हा पुन्हा निघाला, बांधायला कधीही मिळेल. हे तसं सहजी हाती लागत नाही.

तुमची पहिली चार-पाच किट्स बांधून झाली आणि वेताळ समोर आला, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून चार फोटो मागा. सगळे भाग पांढऱ्या कागदावर पसरून वरून काढलेला एक. सूचनापत्रकाच्या भागांच्या यादीचा एक, म्हणजे तुम्ही घरी बसून एकेक भाग ताडून पाहू शकाल. तळाच्या तुकड्यावर कोरलेल्या अक्षरांचा एक. आणि खोक्याच्या चारही बाजूच्या पट्ट्यांचा एक, चित्राचा नव्हे, चित्र सगळेच दाखवतात. एखादा हात आधीच चिकटवलेला असेल तर घाबरू नका, जुना गोंद बहुधा पात्यानं किंवा फ्रीजरमध्ये काही तास ठेवून सुटतो. पण चेहऱ्याचे दोन अर्धे कोणी आधीच जोडून, सांधा न घासता रंगवले असतील, तर किंमत निम्म्यावर आणा. ते काम तुम्हाला पुन्हा करावं लागणार आहे, आणि तोवर ते कसं करायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.